छोट्या गावाची पेठ पुन्हा चालती करायची तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावात पेठ समितीचं काम सुरू केल्यापासून आजूबाजूच्या गावांतूनही फोन येतात. कापड दुकानदार, नगरसेवक, पथारीवाल्यांचे पुढारी, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, शिवाय पुण्यामुंबईत राहून गावाकडच्या वाड्याची काळजी करणारे वारसदार. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवले. हे सगळं महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेच्या गावांपुरतं आहे. कायद्याचा भाग येईल तिथे एवढंच लक्षात ठेवा की मी वकील नाही. कागद करण्याआधी वकिलाला दाखवा.

१. पेठेचं पुनरुज्जीवन म्हणजे सुशोभीकरणच ना?

नाही. सुशोभीकरण हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, म्हणूनच तो सगळ्यात आधी होतो. निधी येतो, पेव्हर ब्लॉक बसतात, शोभेचे दिवे लागतात, फीत कापली जाते. पुढच्या पावसाळ्याआधी पाण्याच्या लाइनसाठी कोणीतरी खोदतं आणि ते ब्लॉक कोपऱ्यावर ढीग होऊन पडतात.

पेठ जिवंत होते म्हणजे बंद शटर उघडतात, दुकानावरच्या माडीवर माणसं राहायला येतात आणि खेड्यावरून आलेली बाई काम झाल्यावरही तासभर रेंगाळते. यासाठी रोजचं व्यवस्थापन लागतं. रोज सकाळी एका माणसाने पेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि फुटलेलं चेंबर, बंद दिवा, तुंबलेलं गटार, लोंबणारी वायर वहीत लिहून त्या त्या खात्याला कळवायची. माझ्या हातात पैसे असते तर आधी या माणसाचा पगार काढला असता, मग ब्लॉक.

२. आमची पेठ खरंच बसतेय की आम्हालाच तसं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

शटर मोजा. आठवडी बाजार नसलेला साधा दिवस धरा. सकाळी ११ आणि संध्याकाळी ७, अशा दोन वेळा. वहीत चार रकाने करा: उघडं, बंद, गोदाम केलेलं, पडीक. तिसरा रकाना विसरू नका. गोदाम केलेलं दुकान दिवसातून दहा मिनिटं अर्धवट उघडतं आणि कागदोपत्री चालूच असतं, पण रस्त्यासाठी ते मेलेलं असतं. रात्री आठला पुन्हा जा आणि वर बघा. माडीवरच्या किती खिडक्यांत दिवा आहे? खाली दुकानं चालू आणि वर अंधार, तर रोग जडलाय असं समजा.

लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर मोजू नका, आकडे खोटा दिलासा देतात. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

एक आगाऊ सूचना. आम्ही पहिल्यांदा वही घेऊन निघालो तेव्हा भांडी आळीतल्या एका काकांनी तराजू तसाच ठेवून रस्त्यावर येऊन विचारलं, "रुंदीकरण आलं का हो?" पेठेत वही घेऊन फिरणारा माणूस रस्तारुंदीवालाच, असा पक्का समज आहे. आधी दोन दिवस सांगून ठेवा.

३. मॉल आणि ऑनलाइनच्या काळात पेठ वाचवून उपयोग काय?

मोबाइलचं कव्हर आता पेठेत विकलं जाणार नाही, हे मान्य करून टाका. पण साडीला फॉल-पिको, ब्लाउज शिवणं, चष्म्याचा नंबर, मंगळसूत्राचा तुटलेला सर, दळण, जुन्या पातेल्याची मोड, उधारीवरचं किराणा सामान ही कामं पार्सलने होत नाहीत. वस्तू जिथे बनताना दिसते त्या गल्लीला तर वेगळीच ओढ असते. सावंतवाडीच्या चितारआळीत लोक लाकडी खेळणी घ्यायला जातात ते त्यामुळेच.

माझ्या मते छोट्या गावात मॉलपेक्षा मोठा घाव सरकारी इमारती घालतात. तहसील कचेरी, कोर्ट किंवा एसटी स्टँड बायपासकडे हललं की त्यांच्यामागे स्टँपविक्रेता, झेरॉक्स, टायपिस्ट, खानावळ आणि चहावाला जातात, आणि मग तारखेला आलेला माणूस पेठेत फिरकतच नाही. असा प्रस्ताव कानावर आला की हरकत तेव्हाच घ्या, कोनशिला बसल्यावर नव्हे. कचेरी जाणारच असेल तर रिकाम्या इमारतीत काय येणार, हे त्याच ठरावात लिहून घ्या.

४. पुढाकार कोणी घ्यायचा, नगरपरिषदेने की व्यापाऱ्यांनी?

रस्ते, गटारं, दिवे, सफाई आणि मंडई ही कामं १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने नगरपरिषदेची आहेत. प्रशासन मुख्याधिकारी चालवतात, धोरण सभा ठरवते. पण पेठेतला विजेचा खांब महावितरणचा, वाहतूक पोलिसांची आणि मुख्य रस्ता कधी कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो. चार मालकांची म्हैस उपाशी राहते, तसं पेठेचं होतं.

म्हणून समिती हवी. तिच्यात नुसते व्यापारी नकोत. पथारीवाले, माडीवर राहणारे, दुकानातले नोकर आणि नगरपरिषदेचा एक अभियंता घ्या. अध्यक्षपदावरून पहिली दोन वर्षं भांडू नका. आणि अर्ज देऊन समाधान मानू नका. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणा आणि ठराव करून घ्या. अधिकारी बदलून जातात, ठराव राहतो.

५. परदेशात व्यापाऱ्यांकडून सक्तीने वर्गणी घेतात म्हणे. आपल्याकडे का नाही?

घेतात. याची सुरुवात कॅनडातल्या टोरंटोमध्ये, ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागात १९७० साली झाली. भुयारी रेल्वे आणि नवे मॉल आल्यावर रस्त्यावरचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा दुकानदारांनीच मागणी करून कायदा करवून घेतला. ठरावीक हद्दीतल्या सगळ्यांकडून मालमत्ता करासोबत जादा आकार घ्यायचा आणि तो त्याच रस्त्यावर खर्च करायचा. अमेरिकेत १९८० पासून 'मेन स्ट्रीट' नावाचा कार्यक्रम छोट्या गावांच्या पेठांसाठी चालतो. त्यात संघटना, जाहिरात, रूप आणि अर्थकारण अशा चार बाजूंनी एकदम काम करतात.

आपल्याकडे व्यापारी संघटनेला अशी सक्तीची वसुली करता येत नाही. वर्गणी स्वखुशीचीच. अनुभव असा की गणपतीला हसत पाच हजार देणारा दुकानदार महिना दोनशे द्यायला कुरकुरतो, कारण गणपती दिसतो आणि झाडू मारलेला रस्ता दिसत नाही. म्हणून महिन्याचे हप्ते सोडा. पाडव्याला वहीपूजन झालं की वर्षाची वर्गणी एकदम मागा, एकाच कामासाठी मागा, आणि खर्चाची बिलं पेठेतल्या फळ्यावर चिकटवा.

६. पार्किंगच नाही, तर गिऱ्हाईक येणार कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात. सकाळी साडेदहाला पेठेत जा आणि उभ्या गाड्या कोणाच्या ते विचारा. पहिली गाडी शेठची, ओट्याला टेकून. शेजारी मुलाची. पलीकडे दोन नोकरांच्या. गिऱ्हाईक अजून घरूनही निघालेलं नसतं आणि त्याची जागा रात्री साडेआठपर्यंत अडलेली असते. आमच्याकडेही हेच होतं. ज्यांनी पार्किंगसाठी सगळ्यात मोठ्याने तक्रार केली, त्यांच्याच गाड्या सगळ्यात पुढे होत्या.

तेव्हा आधी दुकानदारांच्या आणि नोकरांच्या गाड्या बाहेर काढा. पेठेपासून दोनतीनशे पावलांवर शाळेचं मैदान, देवळाचं आवार, जुन्या जिनिंगची मोकळी जागा असं काहीतरी निघतंच. मग समविषम तारखेचं पार्किंग. मग माल उतरवायची वेळ ठरवा, सकाळी दहाच्या आत. एका मोटारीच्या जागेत पाचसहा दुचाकी राहतात आणि छोट्या गावातलं बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवर, वडापने (सवारीच्या जीपने) किंवा एसटीने येतं. मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ बांधायचा विचार हे सगळं करून झाल्यावर करा. बहुधा करावा लागणार नाही.

समविषम असो की एकेरी मार्ग, वाहतुकीची रीतसर अधिसूचना निघायला हवी. नुसता पत्र्याचा बोर्ड ठोकला तर पोलीस दंड करू शकत नाहीत आणि महिनाभरात बोर्डालाच गाडी टेकवलेली दिसते.

७. मग पेठ सरळ वाहनमुक्तच का करू नये?

करता येते, पण एका दिवसात कायमची नको. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला. तिथे सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी ठेवली.

आपण दिवाळीआधीच्या चार संध्याकाळींपासून सुरुवात करावी. लोकांना गर्दीत निवांत चालायची चटक लागली की दुकानदारच पुढची तारीख विचारतात. रुग्णवाहिका, अग्निशमन, अंत्ययात्रा, अपंग व्यक्तींची गाडी आणि माडीवरचे रहिवासी यांना सूट पहिल्या दिवसापासून लेखी हवी. पेठेतूनच राज्यमार्ग जात असेल तर बायपास होईपर्यंत हा विषय काढू नका.

८. "पथारीवाले हटवल्याशिवाय काही होणार नाही," असं सगळे दुकानदार म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. रस्ता मोकळा हवा हे बरोबर. पण भाजी, गजरे, कंगवे, केळी घ्यायला आलेलं माणूसच पुढे कापडाच्या दुकानात शिरतं. पथारी गेलेली पेठ दुपारी ओकीबोकी दिसते. शिवाय आपल्या दुकानासमोरची जागा पथारीवाल्याला रोजाने देणारे दुकानदार काही गावांत आहेतच.

आता कायदा. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार आधी सर्वेक्षण, मग विक्री प्रमाणपत्र. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पथविक्रेता समिती लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हायला हवं. स्थलांतर करायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला आणि मालकाने मागितला, तर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत द्यावा लागतो. टोमॅटोची पाटी चार दिवस कचेरीत सडवणं म्हणजे सरळ नियमभंग.

व्यवहारात उपयोगी पडतं ते असं: जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखा, त्यावर नंबर घाला, दुकानाच्या दारासमोरची वाट सोडा. पादचाऱ्यांसाठी १.८ मीटर तरी मोकळी पट्टी राहू द्या. आणि तोच फूटपट्टीचा न्याय दुकानदारांच्या पुढे आलेल्या पत्र्यांना, स्टँडला आणि पुतळ्यांना लावा. आमच्याकडे पहिलं मोजमाप झालं तेव्हा पथारीपेक्षा पत्रे जास्त पुढे निघाले.

९. आठवडी बाजार गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत न्यायचा प्रस्ताव आहे. पाठिंबा द्यावा का?

सगळाच नेऊ नका. जनावरांचा बाजार आणि कांद्या-बटाट्याचे ट्रक बाहेर जायलाच हवेत. पण भाजी, सुकी मासळी, मसाले, केरसुण्या, सूप-रोवळ्या पेठेला लागून राहू द्या. खेड्यावरचा माणूस आठवड्यातून एकदाच येतो. त्याचा पाय पेठेतून हलला की सराफापासून चपलेवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो दिवस जातो. विक्रेत्यांचा नैसर्गिक बाजार ५० वर्षांहून जुना असेल तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करण्याची आणि तिथल्या विक्रेत्यांना न हलवण्याची तरतूद प्रश्न ८ मधल्या कायद्यातच आहे. जुन्या बाजार-ठेक्याचे कागद नगरपरिषदेच्या दप्तरात सापडतात. ते आत्ताच काढून ठेवा.

१०. पेठेतले कितीतरी गाळे वर्षानुवर्षं कुलूपबंद आहेत. मालक देत नाही, भाडेकरू सोडत नाही. काय करायचं?

दोन्ही बाजूंची अडचण समजून घ्या. जुन्या भाडेकरूने कधीकाळी पागडी मोजलेली असते आणि महिन्याचं भाडं चहाच्या बिलाएवढं. दुकान चालत नसलं तरी सोडायला त्याचा जीव होत नाही. मालकाला वाटतं, पुन्हा भाडेकरू ठेवला तर तोही चिकटून बसेल. मग उंदीरच खरे वहिवाटदार.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तुमच्या गावाला लागू आहे का, हे त्याच्या परिशिष्टात पाहा. लागू असेल तर मालकाला भाडं दर वर्षी ४ टक्के वाढवता येतं. पागडी घेणं-देणं या कायद्यात गुन्हा नाही. जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी दाव्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरली नसेल, तर ते ताबा मागण्याचं कारण ठरतं. पण दावा म्हणजे वर्षं, आणि तेवढ्यात पेठ थांबत नाही. तिघांना बसवून तडजोड होते का पाहा: भाडेकरूला सोडण्याचा मोबदला, मालकाला नवं भाडं, नव्या माणसाला नोंदणीकृत करार.

मालक अगदीच बिचकत असेल तर छोटं काहीतरी सुचवा. संक्रांतीआधी महिनाभर तिळगुळाचं, जूनमध्ये वह्या-छत्र्यांचं दुकान, बचत गटाचा दिवाळी फराळ. शटर एकदा वर गेलं की आतली जळमटं निघतात, आणि मालकालाही आपली जागा पुन्हा दिसते.

११. नगरपरिषदेच्या संकुलातले वरच्या मजल्यावरचे गाळे लिलावात कोणी घेतच नाही. का?

जिना बघा. बहुतेक ठिकाणी तो मागच्या बाजूला, मुतारीला लागून असतो. भाजी घेणारी बाई पिशव्या घेऊन वर का चढेल? वर किरकोळ दुकान चालत नाही, हे मान्य करून अनामत कमी ठेवा आणि ते गाळे शिकवणी वर्ग, अभ्यासिका, कर सल्लागार, शिवणकाम, दातांचा डॉक्टर यांना मिळतील असं बघा. अभ्यासिका सर्वांत उत्तम. पोरं सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात आणि मध्ये चारदा चहाला खाली उतरतात.

१२. आमच्या पेठेत बायका खरेदीला फार वेळ थांबत नाहीत. काय कमी पडतं?

स्वच्छतागृह. बाकी कारणं नंतर. खेड्यातून सकाळी नऊच्या एसटीने निघालेली बाई पेठेत कुठे जाणार? अनेकजणी निघताना पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी एकच्या गाडीने परत. ज्या साडीच्या दुकानाने आतलं स्वच्छतागृह बिनधास्त वापरू दिलं, तिथेच त्या बसतात. पाणी, कडी, दिवा आणि सांभाळणारी बाई, एवढं असलेलं एक स्वच्छतागृह भर पेठेत बांधा. त्याची किल्ली ठेकेदाराच्या खिशात नको. त्यानंतर बसायला दोन बाकडी आणि सावली.

१३. सगळ्या दुकानांच्या पाट्या एकसारख्या कराव्यात का?

मला नाही आवडत. एकाच रंगाच्या, एकाच अक्षराच्या पाट्यांनी पेठ सरकारी वसाहतीसारखी दिसते. जुन्या दुकानांवरची हाताने रंगवलेली अक्षरं, लाकडी फळ्या, कोरीव तुळया झाकणारे फ्लेक्स तेवढे काढायला लावा. मराठीचं म्हणाल तर दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही.

१४. आमचं दुकान विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीत आहे. दुरुस्ती करावी की थांबावं?

थांबण्यातच पेठा गेल्या. रेषा कागदावर पडते, रुंदीकरण वर्षानुवर्षं होत नाही, मालक गळकं छप्पर तसंच ठेवतो. आधी नगररचना विभागातून आराखड्याचा भाग नकाशा घ्या आणि रेषा नेमकी कुठे पडते ते पाहा. जिथे एखादाच नवा बांधकामवाला मागे सरकतो आणि शेजारचे पुढेच राहतात, तिथे रस्ता रुंद होत नाही. मधल्या खाचेत फक्त कचरा साठतो. आराखड्याला दहा वर्षं होऊनही जमीन संपादित झाली नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा, अशी नोटीस) देता येते का, हे वकिलाला विचारा. आराखड्याची फेरतपासणी सुरू असेल तर संपूर्ण पेठेने मिळून लेखी हरकत द्या. एकट्यादुकट्याची हरकत 'वैयक्तिक हित' म्हणून बाजूला पडते.

१५. आमच्या पेठेत पुराचं पाणी येतं. तिथे पैसे घालावेत का?

चिपळूणची बाजारपेठ २००५ आणि २२ जुलै २०२१ ला बुडाली आणि दोन्ही वेळा पुन्हा उभी राहिली. पेठ उचलून नेता येत नाही, माल वर नेता येतो. वीज मीटर आणि इन्व्हर्टर छातीच्या वर बसवा. खालचे रॅक लोखंडी आणि रिकामे करता येण्याजोगे ठेवा. पावसाळ्यात महाग माल माडीवर हलवा. खरेदीची बिलं फोनमध्ये काढून ठेवा, कारण ओल्या वहीवर विम्याचा सर्वेअर विश्वास ठेवत नाही. विम्यात पूर आहे का, ते वाचून घ्या. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला असतो. कर्जाबरोबर बँकेने उतरवलेला विमा किती रकमेचा आणि कोणत्या पत्त्यावरचा, हेही तपासा. पुराच्या चिखलात उभं राहून तो पत्ता चुकीचा निघालेला मी पाहिला आहे.

१६. किती वर्षं लागतील?

पहिला फरक, म्हणजे गाड्या आणि कचरा, सहा महिन्यांत. बंद गाळे दोन-तीन वर्षं. माडीवरचे दिवे सगळ्यात शेवटी.

१७. पेठेच्या मधोमध भाऊबंदकीतला वाडा आहे. वारस अकरा, एक आखातात, दोघांचं बोलणं बंद. त्याचं काय?

प्रत्येक पेठेत असा एक वाडा असतोच. वाटणीची वाट पाहू नका. वाटणी न करता वापर सुरू करता येतो: दर्शनी ओटी आणि ओटा भाड्याने द्यायला सगळ्यांची लेखी संमती, आणि भाडं वेगळ्या बँक खात्यात, त्यातून फक्त घरपट्टी आणि डागडुजी. दावा चालू असेल तर न्यायालयाची परवानगी घ्या. करार कोणाच्या नावाने, कोणत्या मुदतीचा, हे वकिलाला विचारून ठरवा. इमारत धोकादायक असेल तर नगरपरिषद नोटीस काढू शकते. पण ती पाडण्याची पळवाट होऊ नये म्हणून आधी तुम्हीच एखाद्या जाणत्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. माती-लाकडाच्या वाड्यात पुष्कळदा छप्पर आणि एखादी तुळईच गेलेली असते.

आमच्याकडच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ आला होता. ओट्यावर बसणाऱ्या गजरेवाल्या मावशींना किल्ली कोणाकडे आहे ते माहीत होतं. ती घेतली, शिडी लावली, पिंपळ मुळासकट काढला आणि त्याचा फोटो अकराही जणांना पाठवला. बोलणं बंद असलेल्या दोघांपैकी एकाचा त्याच रात्री फोन आला, खर्च किती झाला विचारायला.